सहा फुटी काचेची टाकी घरी बांधणे : योजना मांडतो आहे, चुका काढा

निळा_डोह

मंडळी, ६ × २ × २ फुटांची टाकी हॉलमध्येच बांधायची आहे. पहिला मजला, आरसीसी इमारत, विटांच्या भिंतीलगत जागा. मासे मलावी सरोवरातले सिक्लिड, कारण बोअरचं पाणी जड आहे आणि ते त्यांना चालतं. आराखडा असा:

काच १० मिमी, साधी फ्लोट (नेहमीची सपाट काच). खालची टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) घ्यावी असा काचवाल्याचा आग्रह आहे. पाणी ६८० लिटर. स्टँड दीड इंची चौकोनी पाइपचा, चार पाय. खाली सम्प (पाणी गाळून पंपाने परत वर पाठवणारी छोटी टाकी). सिलिकॉनच्या तीन ट्यूब. वर एक आडवी पट्टी.

यात काय चुकतंय? अंदाजपंचे नको, आकडे द्या.

काचकाम

आकड्यांनीच सुरुवात करू. ६८० लिटर हे बाहेरच्या मापाचं गणित झालं. १२ मिमी काच धरली तर आतली लांबी १८०६ मिमी आणि रुंदी ५८६ मिमी उरते. पाणी काठोकाठ कोणी भरत नाही, ५६ सेंमीपर्यंत धरलं तर ५९० लिटरच्या आसपास येतं. औषधाचा डोस ६८० च्या हिशेबाने टाकला तर जास्तच पडेल, दगडांनी अडवलेली जागा वेगळीच.

आता जाडी. समोरच्या काचेवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, टाकी मागे किती खोल आहे त्यावर नाही. दोन फूट पाणी असेल तर तळाशी चौरस मीटरला सुमारे ६०० किलो आणि वर शून्य. सहा फुटी काचेवर एकूण ढकल ३४० किलोच्या घरात जाते. नेहमीच्या सूत्राने, लांबी उंचीच्या तिप्पट आणि वर आधार नाही असं धरून, १० मिमीला सुरक्षा गुणांक (काच येणाऱ्या ताणाच्या किती पट सोसेल) २.३ येतो, १२ मिमीला ३.३. साधारण ३.८ पाळतात. पाणी ५६ सेंमीवर थांबवलं तर १२ मिमीला तोच गुणांक ४.२ च्या पुढे जातो. म्हणजे १२ मिमी, वरून काठपट्ट्या (वरच्या काठालगत आतून चिकटवलेल्या आडव्या काचा) आणि पाणी दीड-दोन इंच खाली. १० मिमीची टाकी लगेच फुटेल असं नाही, पण पोट काढेल, आणि ते पोट रोज जोडावर ताण देत राहील.

दुकानात ‘चार सूत’ म्हणालात तर १२ मिमीच काढतात. तरीही कॅलिपर लावून मोजा.

टफन नको. ती भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, आणि भट्टीतल्या रोलरमुळे तिच्यात हलकी लहर राहते. सर्वात वाईट म्हणजे ती फुटली की चुरा होऊन पूर्ण टाकी एका क्षणात जमिनीवर. साध्या काचेला बहुधा तडा जातो, पाणी गळायला लागतं, बादल्या भरायला तरी वेळ मिळतो.

गुण्या_ओळंबा

काचकाम यांच्याशी सहमत, पण टाकी फुटण्याची सुरुवात शंभरात नव्वद वेळा काचेत नसते, काचेखाली असते. म्हणून स्टँडवर जरा लांबड लावतो.

आधी वजन: पाणी ५९०, काच १३५ च्या आसपास, वाळू-दगड १२०, स्टँड ४०, सम्प पाण्यासकट ९५. गोळाबेरीज एक टन. टाकीने व्यापलेली जागा १.१ चौरस मीटर. राहत्या घराच्या स्लॅबसाठी आयएस ८७५ (भारतीय मानक) भाग २ मध्ये धरलेला भार चौरस मीटरला सुमारे २०० किलो, तुमचा ९०० च्या आसपास जाणार. घाबरायचं कारण नाही, कारण तो २०० किलोचा हिशेब पूर्ण खोलीभर पसरलेला असतो आणि बारा चौरस मीटरच्या खोलीत तो २४०० किलो होतो. पण टाकी कुठे ठेवता यावर सगळं आहे. भिंतीखाली बीम असेल आणि टाकी त्या बीमला चिकटून समांतर असेल तर बरं. स्लॅबच्या मध्यावर किंवा बाल्कनीत मुळीच नको. बीम कुठून जातो हे खालच्या घराचं छत बघून कळतं, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला नकाशा दाखवूनच पुढे जा. त्याची फी या प्रकरणातला सर्वात स्वस्त खर्च आहे.

स्टँडला चार पाय पुरणार नाहीत, सहा करा. दीड इंची (४० × ४० मिमी) पाइप चालेल, पण भिंत २ मिमी हवी. फॅब्रिकेटर ‘चौदा गेज’ म्हणतो ते. अठरा गेज देऊ केला तर नाही म्हणा. वजन वेल्डिंगवर येता कामा नये: वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसलेली असावी, पायांच्या मध्ये चिकटवलेली नसावी. प्रत्येक पायाखाली १०० × १०० मिमीची, ८ मिमी जाडीची पट्टी. ज्या टाइलवर पाय येणार तिच्यावर आधी नाण्याने टकटक करा. बद्द आवाज आला तर खाली सिमेंट नाही, पोकळी आहे. तिथे पाय येऊ देऊ नका किंवा टाइल काढून नीट बसवून घ्या.

आणि सहा पायांची एक गोची: मधला पुढचा पाय आला की तीन फुटी सम्प आत जात नाही. तो पाय नट-बोल्टचा ठेवा, नाहीतर टाकी बसवण्याआधीच सम्प आत सरकवून टाका.

मासोळी

+१. सम्प आत नेता आला तरी नंतर बाहेर काढायची वेळ येतेच. बोल्टचा पाय उत्तम, पण तो काढायच्या आधी टाकी रिकामी हवी हे चिठ्ठी लिहून पायावरच चिकटवा.

निळा_डोह

१२ मिमी आणि सहा पाय, मान्य. पाणसळ किती काटेकोर लागते? फरशीलाच दाराच्या बाजूला उतार आहे.

गुण्या_ओळंबा

उतार आणि पीळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहा फुटांत दोन-तीन मिमी उतार असेल तर पाणी एका बाजूला चढलेलं दिसेल, डोळ्याला खुपेल, एवढंच. पीळ म्हणजे तीन कोपरे एका पातळीत आणि चौथा वर किंवा खाली. तो काच सहन करत नाही. वेल्डिंग गार होताना चौकट हमखास पिळते, म्हणून फॅब्रिकेटरकडेच सपाट फरशीवर स्टँड ठेवून डुलतो का बघा. मग दोन कर्णांवर कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरे ताणा. मध्ये दोरे एकमेकांना हलके टेकले तर पीळ नाही. आता वरचा दोरा खाली आणि खालचा वर करून पुन्हा बघा, म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा घोळ जातो.

पातळी साधायची ती पायांखाली लोखंडी पत्र्याच्या चकत्या सारून. टाकी आणि स्टँड यांच्यामध्ये पुठ्ठा-बिठ्ठा अजिबात नको, तिथेच एका बिंदूवर भार येतो.

चौकटीवर १९ मिमी प्लायवूड, आयएस ७१० चा, म्हणजे ज्याला मरीन म्हणतात तो. कडांना रंग द्यायला विसरू नका, प्लाय कडेतूनच पाणी पितो. त्यावर १२ मिमी थर्माकोल.

काचकाम

थर्माकोलवर माझी एक दुरुस्ती. थर्माकोल वाळूचा खडा किंवा वेल्डिंगचा थेंब पोटात घेतो, वाकडा स्टँड सरळ करत नाही. लोक तीन मिमीची फट थर्माकोलवर सोपवतात आणि मग ‘काच खराब होती’ म्हणतात. फट दिसत असेल तर स्टँड परत पाठवा.

आता काचेची यादी, सगळी १२ मिमी:

तळ १८३० × ६१०, एक.
पुढची-मागची १८३० × ६१०, दोन.
बाजू ५८२ × ६१०, दोन.
काठपट्ट्या १८०० × १००, दोन.
मधला आडवा पूल ५८० × २००, एक.

पहिल्या तीन काचा मुद्दाम एकाच मापाच्या ठेवल्या आहेत, कापणाऱ्याचा घोटाळा होत नाही. चारही भिंती तळाच्या काचेवर उभ्या राहतात. बाजूच्या काचा पुढच्या-मागच्याच्या मध्ये बसतात: ६१० मधून दोन काचांचे २४ गेले, दोन्हीकडच्या जोडांचे २-२ गेले, उरले ५८२. काच घ्यायला जाल तेव्हा तीन मोठ्यांचे कर्ण मोजा, १९२९ मिमी आले पाहिजेत. एक कर्ण दुसऱ्यापेक्षा दोन मिमीने मोठा असेल तर काच गुण्यात (काटकोनात) नाही, तिथेच परत करा.

कडा ‘फ्लॅट पॉलिश’ सांगा. नुसतं ‘पॉलिश’ म्हटलं तर गोल पेन्सिल कड मारून देतात. टेबलाच्या काचेला ती छान दिसते, पण जोडाला निरुपयोगी, कारण सिलिकॉनला टेकायला सपाट १२ मिमी मिळतच नाहीत.

एक मोठी काच साडेतेहतीस किलोची आहे. दोन माणसं, कातडी हातमोजे, सक्शन कप. आणि काच उभी धरूनच न्यायची, आडवी नेली की स्वतःच्या वजनाने लवते.

उंबरठा

दोन मिमीची फट कशासाठी? घट्ट दाबून बसवली तर जास्त मजबूत नाही का होणार?

काचकाम

उलट आहे. लाकडाला फेव्हिकॉल लावून शिकंजा आवळतो तसं इथे करायचं नाही. सिलिकॉन रबर आहे, त्याचं काम ताणलं जाणं आणि परत येणं. फट शून्य केली तर सगळा माल बाहेर येतो, काच काचेला टेकते, आणि पाणी भरल्यावर त्या टेकलेल्या बिंदूपासून तडा सुटतो.

ताकदीचा हिशेबही बघा. इमारतींच्या काचा चिकटवताना सिलिकॉनवर वाऱ्याचा, म्हणजे थोड्या वेळाचा, भार प्रति चौरस मिमी ०.१४ न्यूटनपेक्षा जास्त धरत नाहीत, कायमचा तर त्याहून बराच कमी. १२ मिमी रुंद जोड म्हणजे एका मीटरला १७० किलो. समोरच्या काचेचा तळजोड १.८३ मीटर, त्याचे ३१० किलो. दोन उभे जोड मिळून १.२२ मीटर, त्याचे २०७. एकूण ५१७, आणि ढकल ३४०. या आकड्याने पुरतं, पण पाण्याचा भार कायमचा आहे, आणि कुठे बोटाचा तेलकट ठसा, कुठे हवेचा बुडबुडा असं करत तिसरा हिस्सा जोड वाया घालवलात तर मार्जिन संपलं.

फट राखायला जुनी युक्ती म्हणजे काडेपेटीची काडी, जवळपास दोन मिमी असते. पण ती नंतर ओढून काढावी लागते आणि भोक राहतं. त्यापेक्षा आदल्या आठवड्यात प्लास्टिकवर सिलिकॉनचा दोन मिमीचा थर ओतून वाळवा, त्याचे ४ × ४ मिमी तुकडे कापा आणि फूटभर अंतराने जोडाच्या मधोमध ठेवा. आतच राहतात, दिसतही नाहीत.

मासोळी

सिलिकॉन कोणतं, हे अजून कोणी लिहिलं नाही. ॲसेटिक, म्हणजे वाळताना व्हिनेगरचा वास येतो ते. ट्यूबवर बुरशीरोधक, सॅनिटरी, बाथरूम यातलं काही लिहिलेलं असेल तर ठेवून द्या, त्यातलं औषध माशांना मारतं. ‘जनरल पर्पज’ स्वस्त ट्यूबमध्ये तेल मिसळलेलं असतं, ते वर्षा-दोन वर्षांत आकसतं. लेबलवर ॲक्वेरियमसाठी चालतं असं छापलेलं हवं आणि मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. मुदत संपलेलं सिलिकॉन वरून वाळल्यासारखं दिसतं, आत चिकट राहतं. प्रत्येक ट्यूबमधून काचेच्या तुकड्यावर बोटभर रेघ ओढून चोवीस तासांनी नखाने उचकटून बघा.

तीन ट्यूब पुरणार नाहीत. जोडांची लांबी ७.३ मीटर. ८ मिमीची रेघ ओढलीत तर तेवढ्यालाच ३७० मिली, आतल्या कोपऱ्याच्या भरणीला तेवढंच, पट्ट्यांना वेगळं. २८० मिलीच्या पाच आणा. पाचवी उरली तरी चालेल, तिसरी संपून दुकान गाठायची वेळ आली तर नाही चालणार.

निळा_डोह

प्रत्यक्ष जोडणीचा क्रम कोणीतरी सविस्तर लिहा ना.

काचकाम

टाकी स्टँडवरच बांधा, थर्माकोल घालून. बांधलेली टाकी नंतर उचलायला सहा माणसं लागतील आणि जिन्याच्या वळणावर ती अडकेल.

आधी कोरडी तालीम. सगळ्या काचा सिलिकॉनशिवाय टेपने उभ्या करा, मापं जुळतात का बघा, कोणती कड कुठे ते मार्करने बाहेरून लिहा. मग उतरवून साफसफाई. एका सुती फडक्याने ॲसिटोन लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. नुसतं एकाच फडक्याने पुसलं तर तेल इकडचं तिकडे होतं. काच पुसायचा रंगीत स्प्रे नको, त्यातला साबण मागे राहतो. साफ झालेल्या कडेला उघडं बोट लावायचं नाही. आतल्या बाजूने जोडापासून १२ मिमीवर मास्किंग टेप मारून ठेवा.

पंखा बंद, खिडक्या उघड्या. नॉझल ४५ अंशात, भोक ८ मिमी.

तळाच्या काचेच्या मागच्या कडेवर एकसलग रेघ. मागची काच सरळ वरून खाली ठेवा, सरकवत आणू नका. टेपने धरा, मागे भिंतीशी ठोकळा. मग डावी बाजू: तळावर रेघ, मागच्या काचेला लागणाऱ्या उभ्या कडेवर रेघ, बसवा. तशीच उजवी. शेवटी पुढची: तळावर आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या कडांवर, अशा तीन रेघा एका दमात. सिलिकॉनवर दहा-पंधरा मिनिटांत साय धरते, पावसाळी दमट हवेत त्याहून लवकर, कारण ते हवेतल्या ओलाव्यानेच वाळतं. म्हणून एकाने गन चालवायची, दोघांनी काचा धरायच्या, गप्पा नंतर.

हलक्या हाताने दाबत जा, माल दोन्हीकडून थोडा बाहेर डोकावला पाहिजे. बाहेरून काचेतून बघा: जोड एकसारखा गडद दिसला तर चांगला. चंदेरी ठिपका म्हणजे हवा. तांदळाएवढा एखादा चालतो, जोडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी चंदेरी वाट चालत नाही. पाणी तिथूनच येणार.

गुण्या लावून कोपरे तपासा, टेप आवळा, आणि लगेच आतल्या कोपऱ्यात भरणीची रेघ ओढून चमच्याच्या पाठीने एका दमात फिरवा. साय धरायच्या आत मास्किंग टेप उचला, नाहीतर कड फाटते. भरणी दुसऱ्या दिवशी करू असं म्हणू नका, वाळलेल्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही.

काठपट्ट्या दोन दिवसांनी, वरच्या काठापासून २० मिमी खाली, खालून काठ्यांचे टेकू देऊन. मधला पूल पट्ट्यांच्या वर चिकटवायचा, दोन्हींवर शंभर-शंभर मिमी चढवून. नुसता पूल असला आणि पट्ट्या नसल्या तर काच पुलाच्या दोन्ही बाजूंना फुगते. निळा_डोह यांच्या आराखड्यातली एकटी आडवी पट्टी म्हणूनच बाद.

उंबरठा

वाळायला किती दिवस? ट्यूबवर चोवीस तास लिहिलंय.

मासोळी

ते दोन-तीन मिमीच्या थरासाठी. ओलावा बाहेरून आत शिरतो, दिवसाला तेवढाच. इथे जोड १२ मिमी खोल, आणि आतून भरणीने झाकलेला. दहा दिवस धरा, दोन आठवडे उत्तम. नाक जोडाजवळ नेल्यावर व्हिनेगरचा वास येत असेल तर अजून वाळतंय.

चाचणीचं पाणी टप्प्याटप्प्याने: सहा इंच, एक रात्र. एक फूट, एक रात्र. मग पूर्ण, तीन दिवस. तळाभोवती वर्तमानपत्र पसरा, एक थेंब पडला तरी डाग दिसतो. थंड पाणी भरल्यावर बाहेरून घाम येतो, त्याला गळती समजून लोक पाणी सोडून देतात. आधी पुसा, तासाभराने बघा. समोरच्या काचेवर दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे धरून त्यांवरून दोरा ताणा, मध्ये फट जेवढी कमी झाली तेवढं पोट. एक-दोन मिमी ठीक, तीनच्या पुढे गेलं तर पाणी कमी करून पट्ट्यांचे जोड तपासा.

गळलंच तर बाहेरून सिलिकॉन फासू नका. आतलं पाणी त्याला ढकलून काढतं. टाकी रिकामी करायची, त्या बाजूची भरणी पूर्ण लांबीने ब्लेडने खरवडायची, ॲसिटोन, आणि नवी भरणी एकसलग. जोडाच्या पोटातच हवा असेल तर ती काच सोडवूनच काढावी लागते.

गुण्या_ओळंबा

सम्पबद्दल एक, कारण वीज जाणार हे गृहीत धरा. ३६ × १५ × १५ इंची सम्प १३२ लिटरचा. ९ इंच पाण्यावर चालवला तर वर ५३ लिटर मोकळे. पंप थांबला की टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी सम्पमध्ये सोडणाऱ्या तोंडाच्या) काठाखाली येईपर्यंत उतरतं; २५ मिमी उतरलं तर २६ लिटर, पाइपातलं थोडं. मावतं. पण परतीच्या पाइपचं (सम्पमधून पाणी वर टाकीत आणणाऱ्या) तोंड पाण्याखाली सहा इंच असेल, तर तोच पाइप उलटा ओढायला लागतो आणि १५० मिमी, म्हणजे १५९ लिटर खाली. त्यातले शंभर हॉलमध्ये. उपाय फुकट आहे: परतीच्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ६ मिमीचं भोक. पाणी भोकापर्यंत आलं की हवा शिरते, ओढ तुटते. शेवाळ आणि गोगलगायी ते बुजवतात, दर आठवड्याला काडी घाला. वन-वे व्हॉल्व्हवर विसंबू नका, एक वाळूचा कण अडकला की तो उघडाच राहतो.

ओव्हरफ्लोचं भोक मागच्या काचेत, जोडणीच्या आधी, काच आडवी असताना. टँक निपल (भोकात बसणारा पाइपचा जोड) आधी विकत आणून मोजा, मग डायमंड बिट घ्या. भोक आणि काचेची कड यांच्यात भोकाच्या व्यासाएवढं तरी अंतर. सतत पाणी, दाब कमी, अर्ध्यापर्यंत एका बाजूने आणि उरलेलं उलट्या बाजूने, म्हणजे सुटताना कपची उडत नाही.

निळा_डोह

काठपट्ट्यांसकट सगळं नव्याने काढतो. दगड कोणते? आजूबाजूला काळा दगड भरपूर आहे.

मासोळी

आपला काळा पाषाण, बेसाल्ट, पाण्याला काही करत नाही. त्याच्या छिद्रांत पांढरे खडे असतात, त्यातला कॅल्साइट व्हिनेगर टाकल्यावर फेसाळतो आणि पाणी आणखी जड करतो. तुमच्या सिक्लिडना ७.८ ते ८.६ पीएच लागतो, तेव्हा तुम्हाला तो चालेल. इतरांनी असे दगड वगळावेत. खाणीजवळचे घेऊ नका, सुरुंगाची पूड असते. दगड वाळूवर नाही, तळाच्या काचेवर पातळ फोम टाकून त्यावर रचा आणि मग वाळू घाला. सिक्लिड वाळू उकरतात, वाळूवर रचलेली भिंत एका रात्रीत समोरच्या काचेवर येते.

निळा_डोह

समजलं. काच १२ मिमी, तीन मोठ्या एकाच मापाच्या, फ्लॅट पॉलिश. पहिलं काम म्हणजे खालच्यांच्या घरी जाऊन छत बघणं. टाइलवर नाणं वाजवलं, भिंतीकडून दुसरी बद्द वाजते आहे.

गुण्या_ओळंबा

मग मधला मागचा पाय तिच्यावर येईल का ते आधी खडूने आखा. येत असेल तर स्टँडची ऑर्डर त्यानंतर.